अधिक एकवीस

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

पत्र बघून दचकू नकोस. इकडे सगळं जिथल्या तिथे आहे, माझा गुडघा तेवढा सोडून. फोन करता आला असता, पण फोनवर तू 'हं' म्हणतेस, मी 'बरं, ठेवते' म्हणते आणि दोघींनी बोलल्याचं समाधान मानायचं. म्हणून कागद घेतला. तुला शुद्धलेखनाच्या चुका काढायला मिळतील. व्याकरणाच्या बाई निवृत्त झाल्या तरी लाल पेन निवृत्त होत नाही.

भावोजींचं कसं आहे? उजवा हात जरा तरी उचलतात का? एखादा शब्द फुटतो का? सप्टेंबरात झटका आला तेव्हा डॉक्टर सहा महिने म्हणाले होते, ते आता भरत आले. त्यांना कुशीवर वळवताना स्वतःची कंबर सांभाळ. चिमणी येऊन गेली का? नसेलच आली. तुझी लेक आहे, हट्ट तुझाच घेतलाय.

आमची प्रयोगशाळा नव्या इमारतीत चाललीय. महिनाभर मी जुनी कपाटं उपसतेय. तीस वर्षांचे कागद आणि एकूणएक खोक्यावर कुणीतरी 'महत्त्वाचे' लिहून ठेवलंय. एका खोक्यात नुसत्या गंजलेल्या टाचण्या निघाल्या, त्याही महत्त्वाच्या. एक नवीन शास्त्रज्ञ बाई आल्यात. चष्म्याची भिंगं एवढी जाड की सगळे मागून त्यांना 'दुर्बीण' म्हणतात, पुढून मॅडम. कामाला वाघ आहेत. त्यांनी गुरूच्या यानाच्या जुन्या नोंदी पुन्हा काढल्यात. भावोजींनी काम केलं होतं त्याच.

तुला त्या कामाचा किती राग होता! "लोकांचे नऊ ग्रह फिरतात, आमच्या घरात एकच फिरतोय आणि तो पुरे आहे," म्हणायचीस. तरी भावोजींनी तुला बसचं उदाहरण देऊन समजावलं होतं, आठवतं? गुरूच्या एका चंद्रावर ज्वालामुखी आहेत, ते सतत वायू ओकतात. त्यातून झालेला थंड, जड प्लाझ्मा गुरूच्या चुंबकीय कवचात गच्च भरतो आणि हळूहळू बाहेर सरकतो. तो सरकला की रिकाम्या जागेत बाहेरचे तापलेले कण मुसंडी मारून आत येतात. उतरणाऱ्यांना उतरूही न देता चढणारी माणसं असतात ना, तसे. त्यालाच आम्ही शिरकाव म्हणतो. आणि शिरकाव झाला की प्लाझ्मात लहरी उठतात. भावोजी त्या लहरींचा आवाज करून लावायचे, पहाटेच्या पाखरांसारखा किलबिलाट. तू म्हणाली होतीस, "एवढा पैसा घालून चिमण्याच ऐकायच्या होत्या तर खिडकी उघडायची."

भावोजींना जे सापडलं असं वाटलं, ते उलटं होतं. आधी लहर उठते आणि शिरकाव तब्बल चाळीस सेकंदांनी येतो. ते खरं ठरतं तर पुढच्या यानांना आगाऊ इशारा मिळाला असता, उपकरणं वाचवता आली असती. नंतर त्यावर छापलेला निबंध मागे घ्यावा लागला, चौकशी बसली, 'आकड्यांत फेरफार' असा शिक्का बसला आणि भावोजी घरी बसले. नऊ वर्षं झाली. आता ते उगाळण्यात अर्थ नाही.

एक छोटं काम होतं. त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात एक तपकिरी फाईल असेल, दोरीने बांधलेली. तेवढी मला पोस्टाने पाठव. इथल्या जुन्या कागदांशी जुळवायची आहे. तू ती उघडू नकोस, आत नुसते आकडे आहेत, तुला त्यातलं काही कळायचं नाही. भावोजींनाही विचारू नकोस, त्यांना उगाच त्रास. पण लवकर पाठव.

कंबरेला शेक घेत जा.

तुझीच,
बारकी


२७ फेब्रुवारी

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र आलं. चार ओळी. 'फाईल सापडली. उघडली. आत एकच पान आहे आणि ते तुझ्या हातचं आहे. हे काय आहे?'

मी म्हटलं होतं तुला काही कळायचं नाही. हे विसरले की मला अंक गिरवायला तूच शिकवलंस. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची आणि तू सतराची. स्वयंपाकघरात फरशीवर बसवून तू माझ्याकडून अंक काढून घ्यायचीस. इंग्रजी साताच्या पोटात आडवी रेघ, एक आणि सात यांचा घोळ नको म्हणून. त्या पानावर सात सतरा वेळा आला असेल. तू ओळखणारच.

सांगते. ते आमच्या रजिस्टरातलं पान आहे.

यानावर दोन उपकरणं होती. एक लहरी टिपायचं, दुसरं कण मोजायचं. दोघांची घड्याळं वेगळी. कण मोजणाऱ्याचं घड्याळ एकवीस सेकंद पुढे होतं, यानाच्या गुरूभोवतीच्या कुठल्या फेरीत थोडं कमी, कुठल्या थोडं जास्त. ते जुळवून घेतल्याशिवाय दोन्ही नोंदी शेजारी ठेवता येत नाहीत. जुळवायचं काम माझं. भावोजींनीच मला तिथे चिकटवलं होतं, तुझ्या सांगण्यावरून. 'हिचं शिक्षण अर्धं राहिलं, पण हिच्या हाताला वळण आहे,' असं तू त्यांना म्हणाली होतीस. दुरुस्ती आधी रजिस्टरात हाताने लिहायची, मग संगणकात भावोजींच्या नावाने भरायची अशी पद्धत होती. कुणी काय काढलं ते फक्त रजिस्टरात दिसायचं.

एकवीस सेकंद वजा करायचे होते. मी स्तंभाच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह घातलं.

एवढंच, ताई. खाली सतरा फेऱ्यांचे आकडे सगळे अचूक आहेत, दशांशासकट. वर एक उभी रेघ जास्त पडली. एकवीस आणि एकवीस मिळून बेचाळीस सेकंदांची तफावत झाली. लहर प्रत्यक्षात शिरकावानंतर दोन-तीन सेकंदांत उठत होती. माझ्या तक्त्याने ती चाळीस सेकंद आधी उठवली. त्या आठवड्यात मला ताप होता, काम तुंबलं होतं. ही सबब नाही, झालं ते सांगतेय.

म्हणजे भावोजींनी आकडे बदलले नव्हते. हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं. पण चौकशीच्या गडबडीत ते पान फाडलं गेलं, मग प्रकरण हाताबाहेर गेलं, आणि भावोजींनीच ते पान स्वतःकडे ठेवून घेतलं. त्यांना वाटलं ते त्यांच्याकडेच बरं. पुढे ते बोलायचे थांबले, तूही बोलायची थांबलीस, मीही कमी येऊ लागले.

तू ते पान जपून ठेव किंवा मला पाठव. तुला योग्य वाटेल ते कर. मी दुर्बीणबाईंना अजून काही सांगितलेलं नाही. त्यांनी परवा ते रजिस्टर माझ्यासमोर उघडलं, दोन पानांच्या मधे उरलेल्या, फाडलेल्या पानाच्या खुंटावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हे काय हो?" मी म्हटलं, "जुनं आहे, मॅडम."

भावोजींना इतक्यात काही दाखवू नकोस.

तुझी,
बारकी


६ एप्रिल

ताई,

तू लगेच कळवलं नाहीस हे बरोबरच केलंस. चौदा मार्चला भावोजी गेले आणि मला चोवीसला तुझ्या पत्रातून कळलं. त्या दहा दिवसांत मी नेहमीसारखी कामाला जात होते, डबा खात होते. एकदा हसलेही असेन.

तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. माझं दुसरं पत्र मिळाल्यावर तू ते पान त्यांच्यासमोर धरलंस. विचारलंस, "तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी डाव्या हाताने ते पान घेतलं आणि चादरीवर पालथं घातलं. तू सुलटं केलंस, त्यांनी पुन्हा पालथं घातलं. मग तू त्यांचा हात धरून बसलीस. नऊ वर्षांत औषध आणि जेवण एवढ्याच दोन शब्दांवर तुमचा संसार चालला होता, आणि नंतरचे अकरा दिवस तू बोलत होतीस. त्यांना किती ऐकू गेलं ते तुला ठाऊक नाही, असं लिहिलंयस.

पुढे लिहिलंयस, "'पान फाडलं गेलं' या वाक्यात कर्ता कुठे आहे? सहावीच्या मुलालासुद्धा मी हे वाक्य खोडून परत लिहायला लावलं असतं."

परत लिहिते. पान मी फाडलं.

निबंध छापून आल्यावर तीन महिन्यांनी दुसऱ्या एका संस्थेचं पत्र आलं की त्यांच्या हिशेबात लहर आधी येत नाही. भावोजी माझ्या टेबलाशी आले. "वेळेचे तक्ते एकदा बघतेस?" मी बघितले. चिन्ह दिसलं. तो क्षण अजून तसाच आठवतो. त्यांना म्हटलं, "बघितले. बरोबर आहेत." त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. माझ्या शब्दावर त्यांनी त्या लोकांना ठणकावून उत्तर लिहिलं. आता मागे फिरायचं कसं? चार दिवस गेले. चौकशी येणार अशी कुजबुज सुरू झाली तशी दुपारच्या सुट्टीत, सगळे खाली गेले असताना, मी पट्टी लावून ते पान काढलं आणि पिशवीत ठेवलं. नोंदच नसेल तर संशयाला जागा नाही, असं वाटलं. मूर्ख! चूक तक्त्यात आहे हे दुसऱ्या संस्थेने दोन दिवसांत शोधून काढलं. ती नुसती चूकच राहिली असती. पण पान नाही म्हटल्यावर ती लबाडी झाली.

चौकशीला पाच जण होते. लांब टेबल, पाण्याचे पेले, खिडकीला अर्धवट ओढलेला पडदा. मी भिंतीकडेच्या खुर्चीवर, कागद पुरवायला. अध्यक्षबाईंनी रजिस्टर उघडलं, खुंट दाखवला आणि विचारलं, "हे पान कुणी काढलं?"

भावोजींना खरंच माहीत नव्हतं, ताई. ते वाकून बघायला लागले. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. एकदाच. माझ्या तोंडावर काय होतं मला ठाऊक नाही, पण त्यांनी ते वाचलं.

"मी काढलं," ते म्हणाले.

"का?"

"सांगता येत नाही."

बाहेर आल्यावर जिन्याच्या वळणावर त्यांनी हात पुढे केला. "आण." मी पिशवीतून पान दिलं. त्यांनी ते उभ्याउभ्या वाचलं, वरपासून खालपर्यंत, आणि परत वर आले. "अधिक घातलंस," म्हणाले. मग हलकेच, पेला फुटल्यावर पोराला म्हणावं तसं, "बाई गं. एवढ्यासाठी?"

मी रडायला लागले. म्हटलं, आत्ता आत जाऊन सांगते. त्यांनी माझं मनगट धरलं. "चूक माफ होते, फाडलेलं पान होत नाही. तुला उद्या घरी पाठवतील आणि परत कुठे कुणी दारात उभं करणार नाही. मला निवृत्तीला तशीही पाचच वर्षं राहिलीत."

"आणि ताई?"

"ताईला मुळीच सांगायचं नाही. तिने तुला पोटच्या पोरीसारखं वाढवलंय. तुझ्यावरचा विश्वास गेला तर ती मोडून पडेल. माझ्यावर चिडेल, चिडू दे. नवऱ्यावर चिडायची तिला सवय आहे. महिनाभर धुसफुस करेल आणि विसरेल."

ताई, त्यांना महिनाभरच वाटलं होतं. तुझ्या सचोटीचा त्यांना अंदाजच आला नाही. नवरा खोटं वागला हे तुला महिन्यात विसरता येईल असं जो समजला, त्याने तुला पुरतं ओळखलं नव्हतं, आणि ओळखत होते मी. मला ठाऊक होतं की तू विसरणार नाहीस. तरी मी मान हलवली.

पान मी परत मागितलं तर म्हणाले, "राहू दे माझ्याकडे. तू जाळशील, आणि मग एक दिवस तुलाच वाटायला लागेल की असं काही झालंच नव्हतं." तेही खरं निघालं. पहिल्या पत्रात मी ती फाईल जाळायलाच मागवत होते.

आता इकडचं. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी दुर्बीणबाईंकडे गेले आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय त्या फार दमलेल्या दिसतात. म्हणाल्या, "लिहून द्याल?" मी लिहून सही केली. संचालकांकडे दोघी गेलो. ते म्हणाले, "माणूस गेला, फाईल बंद झाली. आता उकरून कुणाचं भलं होणार? तुमची नोकरी मात्र जाईल." मी म्हटलं, "जाऊ द्या." गेली. कालपासून घरी आहे. दुर्बीणबाई मासिकात दुरुस्तीची टीप छापायला धडपडतायत. छापलीच तर पाच-सहा ओळी असतील, शेवटच्या पानांत कुठेतरी. त्यासाठी त्यांना ते पान हवंय. द्यायचं की नाही ते तुझ्या हातात आहे. पत्ता सोबत जोडलाय.

त्यांनी आणखी एक सांगितलं, ते तुझ्यापासून लपवत नाही. वेळ नीट जुळवून त्यांनी सगळे एकसष्ट शिरकाव पुन्हा तपासले. सत्तावन्नांत लहर मागाहून येते, जगात सगळीकडे येते तशी. चारांत मात्र ती खरोखरच आधी येते. तीन सेकंद, पाच सेकंद. का, ते त्यांना अजून कळलेलं नाही. "त्यांनी हे बघायला हवं होतं," त्या म्हणाल्या. चूक मी त्याच दिवशी सांगितली असती तर भावोजींनी ते बघितलं असतं. नऊ वर्षं ते तुझ्या मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसून होते, आणि ते चार शिरकाव इथे कपाटात पडून होते.

परवा चिमणीकडे जाऊन आले. अर्ध्या दिवसाची बस. तिने चहा ठेवला. मी सांगायला लागल्यावर तिने गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून ऐकलं. शेवटी म्हणाली, "मावशी, मी बाबांना शेवटचं काय बोलले होते, तुला माहीत आहे?" मी नाही म्हटलं. तिने सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, तिला वाटलं तर ती सांगेल. मग तिने माझ्या चपला उचलून दाराबाहेर ठेवल्या, अगदी नीट, एकाशेजारी एक. मी निघाले.

तू शेवटी विचारलंयस की त्या संध्याकाळचं मला काही आठवतं का.

आठवतं. चौकशीचा निकाल लागून दोन दिवस झाले होते. तू आम्हा दोघांना जेवायला वाढत होतीस. तुझे डोळे सुजले होते. अचानक हातातलं भांडं खाली ठेवलंस आणि मला म्हणालीस, "तू तिथेच असतेस. माझ्या गळ्याची शपथ घेऊन सांग. ह्यांनी आकडे बदलले का?"

भावोजींनी ताटावरून मान वर केली नाही. म्हणाले, "तिला कशाला विचारतेस? तिचा काय संबंध?"

तेवढ्यावर मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. आजवर मी स्वतःला हेच सांगत आले की त्या दिवशी मी फक्त गप्प बसले. पण तसं झालं नाही. तू माझ्याकडेच बघत होतीस, म्हणून मी म्हटलं, "मला कसं माहीत असणार, ताई? ते तक्ते भावोजी स्वतः बघायचे."

तू भांडं उचललंस. माझ्या ताटात वाढलंस, माझ्या डोक्यावरून हात फिरवलास आणि त्यांच्या ताटाकडे न बघता आत निघून गेलीस. ते रिकाम्या ताटावर बोटं टेकवून बसून राहिले. मला म्हणाले, "जेव. निवतंय."

आणि मी जेवले, ताई. पोटभर.

उत्तर लिहू नकोस.

तू वाढवलेली,
बारकी